न घाबरणाऱ्या माशांचे मास्तर

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध एकाच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसण्यापुरता आला होता आणि शेवटी शाळेनंच त्यांच्यापुढे हात टेकले होते. मास्तर हे नाव त्यांना उतारवयात चिकटलं, तेही माशांमुळे.

ते नळांच्या कारखान्यात कामाला होते. हॉटेलांच्या बेसिनवर बसवतात ते चकचकीत नळ इथे तयार होत. मळकट नळ एका टोकाकडून आत जायचा, तांबं, निकेल, क्रोम अशा हौदांत बुचकळ्या खायचा आणि दुसऱ्या टोकाला असा चमकत बाहेर यायचा की त्यात तोंड बघून भांग पाडावा. प्रत्येक बुचकळीनंतर नळ धुवावा लागे. धुतलेलं पाणी मागच्या आवारातल्या शुद्धीकरणाच्या यंत्रातून जाई आणि तिथून पुढे नाल्यात. ते खरंच शुद्ध होतं का, असं पूर्वी कुणीतरी भोचकपणे विचारलं होतं. प्रश्न अडचणीचा होता. त्याचं उत्तर शोधत बसण्यापेक्षा साहेबांनी कारखान्याच्या दर्शनी दालनात काचेची एक भलीमोठी टाकी बसवली, ते पाणी तिच्यात फिरवलं आणि बोटभर लांबीचे चंदेरी मासे आत सोडले. मासे मेले नाहीत. झालं, प्रश्न मिटला. टाकीवर पाटी लागली, ‘आमचं पाणी, आमचे मासे.’

मास्तर तोवर मुलाम्याच्या खात्यात होते. नळ अडकवलेल्या जाळ्या एका हौदातून उचलून दुसऱ्यात बुडवणं हे त्यांचं काम. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि नळ हौदाच्या तळाशी जाऊन बसायला लागले, तेव्हा त्यांना टाकीपाशी आणून बसवण्यात आलं. खरं तर ही अडगळीत टाकायची तऱ्हा होती. पण दर्शनी दालनात गारवा होता, खुर्चीला गादी होती, येणारे-जाणारे नमस्कार करत होते, त्यामुळे मास्तरांना ती बढती वाटली आणि कुणी त्यांचा भ्रम मोडायच्या फंदात पडलं नाही.

सुरुवातीला मासे बुजरे होते. मास्तरांची सावली काचेवर पडली की दगडामागे पळत आणि खाणं तरंगून तरंगून भिजून जाई. मास्तरांना हा अपमान वाटला. त्यांनी मनावर घेतलं. रोज तोच शर्ट, तोच हळू आवाज, हात पाण्यात घालायचा आणि हलवायचा नाही. ‘प्रेमानं घ्यायचं,’ असं ते बघणाऱ्यांना सांगत. आणि खरोखर, हळूहळू मासे दगडामागे जायचे थांबले. मग हाताजवळ येऊ लागले. मग हातावर येऊ लागले. एखादा मुठीत धरून वर उचलला तरी बाकीचे जागचे हलेनात. कारखान्यात बातमी पसरली आणि पाहायला येणाऱ्यांतल्या कुणीतरी त्यांना मास्तर म्हटलं. त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं ते उतरलंच नाही.

आता एक गोष्ट मास्तरांनी सोयीस्करपणे विसरून टाकली होती. मधल्या काळात ते तापानं घरी पडून होते, तेव्हा माशांची नवी खेप आली होती. झाडूवाला येता-जाता मूठभर खाणं भिरकावत होता, प्रेमानं वगैरे अजिबात नाही. मास्तर परत आले तर ती खेपही तितकीच माणसाळलेली. झाडूवाल्याला कुणी मास्तर म्हटलं नाही. मास्तरांनी निष्कर्ष काढला की जुन्या माशांनी नव्यांना शिकवलं असणार.

काही मासे तिरके पोहत. काही दिवसभर कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभे राहत. त्याबद्दल पाहुण्यांनी विचारलं तर मास्तर आवाज खाली आणून सांगत, की ते चिंतनात आहेत. पाहुणेही मग दोन पावलं मागे सरून कुजबुजत बोलायचे.

साहेबांना या सगळ्याचं मोल मास्तरांच्याही आधी कळलं. कारखान्यात नवी भरती झाली की पहिल्या दिवशी पोरांना टाकीपुढे उभं करत आणि मास्तर ‘भीती सोडा’ या विषयावर व्याख्यान देत. भीती सोडली की विश्वास येतो, विश्वास आला की तक्रार जाते, हे बघा, यांची कुणाची काही तक्रार आहे का? माशांची खरोखरच काही तक्रार नसे. मुलाम्याच्या खात्यात गेल्यावर पोरं डोळे चोळत, नाकाला रुमाल लावत. मास्तर त्यांना वडीलकीच्या नात्यानं सांगत, थोडे दिवस काढा, नाक रुळतं. त्यांचं स्वतःचं तर इतकं रुळलं होतं की घरात दूध करपून पातेलं काळं झालं तरी ते शेजारी बसून पेपर वाचत असत. बायको म्हणे, एवढा शांत माणूस शोधून सापडायचा नाही. काही वर्षं ती हे कौतुकानं म्हणत होती.

असं सगळं झकास चाललेलं असताना साहेबांनी मोठा बेत आखला. कारखाना दुप्पट करायचा आणि वाढलेलं पाणी नाल्याऐवजी गावावरच्या तळ्यात सोडायचं. गाव पाणी प्यायचं ते त्याच तळ्याचं. कुठे कुठे कुरबुर सुरू झाली, तेव्हा परवानगी द्यायची की नाही ते ठरवायला एक समिती नेमली गेली. साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, आकडे दाखवले की लोकांना शंका येतात, मासे दाखवले की येत नाहीत. समितीसमोर मासे हातावर आले पाहिजेत. सगळं तुमच्या हातात आहे. मास्तर केबिनमधून निघाले ते जमिनीला पाय न लावताच.

त्याच सुमारास घरात सून आली. ती माशांच्या आजारांच्या प्रयोगशाळेत काम करायची. सासूबाई शेजारणींना अभिमानानं सांगत, की आमची सून माशांची डॉक्टर. फक्त जेवताना तिनं कामाबद्दल बोलू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती, कारण माशाच्या मेंदूचे काप किती पातळ करावे लागतात हे सुनेनं पहिल्याच आठवड्यात भात वाढता वाढता समजावून दिलं होतं. मास्तरांना मात्र आनंद झाला. इतकी वर्षं घरात त्यांच्या विद्येची कुणाला कदर नव्हती. आता जाणकार माणूस घरात आलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ते तिला कौतुकानं टाकीपाशी घेऊन गेले. हात पाण्यात घातला. मासे आले. एक मुठीत धरून दाखवला. बाकीचे तसेच. मग मास्तरांनी ठेवणीतला खेळ काढला, जाळं पाण्यात बुडवलं, आणि मासे ओळीनं जाळ्यात येऊन उभे राहिले. मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. एव्हाना लोक टाळ्या वाजवतात. सून कपाळाला आठी घालून त्या कोपऱ्यातल्या चिंतनवाल्यांकडे बघत होती. तिनं एवढंच विचारलं, की यातले दोन घरी नेले तर चालतील का? मास्तरांना वाटलं, लळा लागला. त्यांनी मोठ्या मनानं दोन दिले, वर खाऊ घालायची पद्धतही समजावून सांगितली.

सुनेनं परसात एक टब ठेवला, त्यात तळ्याचं म्हणजे घरच्याच नळाचं पाणी भरून, नीट मुरवून घेतलं, एक फुटकी कुंडी पालथी घातली आणि मासे सोडले. त्यातला एक काही जगला नाही. सून त्याला बाटलीतून प्रयोगशाळेत घेऊन गेली. मास्तर हळहळले. त्यांच्या मते तो विरहानं गेला.

दुसरा जगला. काही आठवडे मास्तरांनी टबाकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही, सुनेलाही थोडं शिकू दे म्हणून. मग एका सकाळी ते दात घासता घासता टबापाशी गेले आणि वाकले. त्यांची सावली पाण्यावर पडली मात्र, मासा सपकन कुंडीखाली. मास्तरांनी चूळ भरली, हात पुसला, पाण्यात घातला, हलवला नाही. मासा बाहेर येईना. हळू आवाजात बोलून पाहिलं. घरात जाऊन तो शर्ट घालून आले. मासा कुंडीच्या कडेखालून एक डोळा बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होता. मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं.

आत येऊन ते बायकोला म्हणाले, की माझी ओळखच विसरला.

‘विसरला कशानं,’ बायको पोळी उलटत म्हणाली. ‘ओळखलंन म्हणून तर पळाला.’

मास्तरांना हे विनोदानं घेता आलं नाही. सुनेनं स्वच्छंदीपणा शिकवून मासा बिघडवला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि संध्याकाळी ती आल्यावर तसं बोलूनही दाखवलं. सून नवी होती, सासऱ्यांशी वाद घालायची तिची इच्छा नव्हती. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली,

‘बाबा, तो बिघडला नाहीये, बरा झालाय. टाकीतले धीट वगैरे नाहीत. त्यांना घाबरताच येत नाही.’

‘मग घाबरणं काय चांगलं असतं?’

‘माशाला असतं.’

आणि मग तिनं सांगितलं. पाण्यात विरघळलेलं तांबं माशाच्या नाकाला आधी गाठतं. कळपातल्या एकाला जखम झाली की त्याच्या कातडीतून एक वास सुटतो, आणि तो वास आला की बाकीचे पळतात, इतकी साधी सोय आहे. यांना तो वासच येत नाही. शिवाय नाकावाटे, कल्ल्यांवाटे धातू आत जात राहतो, मेंदूत साठत राहतो. मग सावली दिसली तरी ती कशाची हे उमगत नाही, कुठे जायचं ते सुचत नाही. तिरका पोहणारा चिंतन करत नाहीये, त्याला तोल सांभाळता येत नाहीये. मेलेल्या माशाचा मेंदू तिनं तपासला होता. मासा मरत नाही, म्हणजे पाणी चांगलं आहे, असं होत नाही.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि जेवायला न बसताच उठले. त्यांना राग आला होता, आणि राग त्यांना फार वर्षांत आला नव्हता, त्यामुळे तो कसा करायचा हेही नीट जमेना. सुनेनं आपल्या पोरांना, म्हणजे माशांना, वेडं ठरवलं. पोरं धीट आहेत, मूर्ख नाहीत, हे सिद्ध करून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी ते मासे पुरवणाऱ्या दुकानदाराकडे गेले आणि हातभर लांबीचा एक शिकारी मासा घेऊन आले. रुंद तोंडाचा, आखडू. दुकानदार म्हणाला, लहान माशांजवळ नेऊ नका, त्यांना नुसता दिसला तरी सैरावैरा होतील. मास्तर म्हणाले, तेच बघायचंय. जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं झाल्यावर त्यांनी शिकाऱ्याला तारेच्या पिंजऱ्यात घालून टाकीत सोडलं आणि काचेला नाक लावून उभे राहिले. मनातल्या मनात ते माशांना म्हणत होते, पळा, एकदा पळून दाखवा, म्हणजे मी त्या पोरीला सांगतो.

मासे आले. ओळीनं, शेपट्या हलवत, ज्या अदबीनं मास्तरांच्या हाताकडे यायचे अगदी त्याच अदबीनं पिंजऱ्याकडे आले. एकानं तारांमधून तोंड आत घातलं. पिंजऱ्यातून कट् असा बारीक आवाज आला आणि तो मागे तरंगला, त्याचा अर्धा जबडा नव्हता. बाकीचे त्याच्या शेजारीच उभे होते. एक तर त्याच्याच जागी पुढे सरकला.

मास्तरांनी पिंजरा बाहेर ओढून शिकाऱ्यासकट पाण्याच्या बादलीत ठेवला. मग ते गादीच्या खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. इतकी वर्षं ते समजत होते की हे आपल्याकडे येतात. कुणाकडेच येत नव्हते. हात असो की जबडा, त्यांना सारखंच होतं. आणि आपण मात्र त्याच्या जोरावर मास्तर म्हणून मिरवलो, पोरांना जमवून व्याख्यानं झोडली. त्यांना एकेका भरतीतले चेहरे आठवायला लागले आणि ते आठवू नयेत म्हणून ते उठून पाण्यावरचं खाणं काढत बसले.

घरी आल्यावर बायको नळाखाली घागर भरत होती. मास्तर त्या धारेकडे बघत राहिले. हे तळ्याचं पाणी. याच पाण्यात तो टबातला बरा झाला होता.

त्यांनी सुनेला सांगितलं की समितीला पिंजरा दाखवणार. सून म्हणाली, तुमचं काम जाईल. मास्तर म्हणाले, काम कसलं, काम पाणीच करत होतं.

साहेबांना आधी सांगावं म्हणून ते केबिनमध्ये गेले. साहेबांनी सवयीप्रमाणे निम्मं ऐकलं. शिकारी मासा आणलाय म्हणता? उत्तम. म्हणजे आपलं पाणी शिकाऱ्यालाही मानवतं. पुढचं वाक्य मास्तरांच्या तोंडातच राहिलं, कारण साहेबांनी फोन उचलला होता.

समिती आली. दालन पुसून लख्ख केलं होतं, टाळ्यांना कमी पडू नये म्हणून मुलाम्याच्या खात्यातली माणसं आणून मागे उभी केली होती. अध्यक्ष गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ होते आणि त्यांना माशांची आवड होती, म्हणजे पाहायची. मास्तरांनी हात पाण्यात घातला. मासे आले. अध्यक्ष हरखले. मास्तरांनी हात काढून घेतला आणि पिंजरा आत सोडला.

‘साहेब, हा शिकारी आहे,’ ते अध्यक्षांना म्हणाले. ‘धडधाकट मासा याला बघून जीव घेऊन पळतो. हे पळत नाहीत, बघा. यांची डोकी चालत नाहीत. मी यांना काही शिकवलेलं नाही. जे शिकवलं ते या पाण्यानं.’

अध्यक्ष काचेजवळ वाकले. मास्तरांना वाटलं, पोचलं.

‘काय विनय आहे,’ अध्यक्ष भारावून म्हणाले. ‘सगळं श्रेय पाण्याला.’

समिती हसली. मागची माणसं टाळ्या वाजवायला लागली, कारण हसू आलं की टाळ्या असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं. मास्तर म्हणाले, तसं नव्हे, माझी सून प्रयोगशाळेत, तिनं मेंदू कापून… पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांना तर स्फुरण चढलं होतं. आपल्याच पाटीवर, आपल्याच व्याख्यानांवर त्यांचा इतका विश्वास बसला होता की त्यांनी कोटाची बाही वर केली. म्हणाले, पिंजरा कशाला हवा, आमच्याकडे भीती नावाचा प्रकारच नाही. आणि मास्तर पुढे होईपर्यंत त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

शिकाऱ्याला पोहावंदेखील लागलं नाही. तो दारात थांबला आणि मासे त्याच्याकडे गेले. एक गेला, त्याच्यामागचा गेला. पाण्यात खवल्यांचा चुरा चमकत खाली बसायला लागला. समितीतले एक सभासद जरा मागे सरकले. अध्यक्षांनी मात्र मान डोलावली.

‘भीतीचा लवलेश नाही,’ ते म्हणाले. ‘आणि शिकारीसुद्धा किती तरतरीत आहे बघा. या पाण्याला नावं ठेवणाऱ्यांना हे दाखवलं पाहिजे.’

परवानगी तिथेच मिळाल्यासारखी होती. साहेब अध्यक्षांना चहाकडे वळवू लागले. मागे टाळ्या चालूच होत्या, मुलाम्याच्या खात्यातली ती शांत, समाधानी माणसं थांबा म्हणेपर्यंत थांबणार नव्हती.

मास्तर टाकीच्या काचेवर दोन्ही मुठी आपटत होते. त्यांनी जन्मात माशांवर आवाज चढवला नव्हता. आता ते ओरडत होते, पळ, अरे पळ ना, आणि पाणी हातानं ढवळून काढत होते, शर्ट खांद्यापर्यंत भिजला होता. खुर्चीची गादी उचलून त्यांनी पाण्यात फेकली. शिकारी बिचकून टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. उरलेला एकुलता एक मासा हलला नाही. मास्तरांनी त्याला हुसकावायला हात उगारून त्याच्या अंगावर आणला, तेव्हा तो शेपटी हलवत वर आला आणि तळहातावर नीट बसून खाण्याची वाट पाहू लागला.